ती पहिली १३ सेकंद

प्रिय मेघे,

आठ महिने झाले, पत्र नाही फोन नाही, तुझ्या वाढदिवसालाही नुसता एक स्टिकर पाठवला, त्याबद्दल काय बोलायचं ते नंतर बोल, मी सगळं ऐकून घेईन. आधी माझं ऐक. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. बास.

मंगळवारी रात्री साडेअकराला मी दिवे घालवत होते आणि ईशानच्या खोलीतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग परत. मग परत, जोरात. मी धावले गं. हात कडीवर पडला आणि तेवढ्यात त्या आपटण्यातूनच गिटार उसळली आणि मला कळलं की हा लिंकिन पार्क बँडचा मिटिओरा अल्बम आहे. 'फोरवर्ड'ची ती १३ सेकंद आणि मग धाडकन 'डोन्ट स्टे'. मी दाराबाहेर तशीच उभी, पाय लटपटतायत, आणि आत तोच अल्बम, जो तू त्या वर्षी दीड महिना दार लावून ऐकत होतीस.

आता हे मी दुसऱ्या कुणाला सांगू? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, गाणीच ऐकतोय ना, ऐकू दे की. आणि मेघे, मीसुद्धा तेव्हा हेच म्हणाले होते. पल्ल्याने विचारलं होतं की मेघा जेवायला का येत नाही, तर मी म्हणलं, अगं ती लिंकिन पार्कमध्ये आहे, सोड तिला. वाक्य जसंच्या तसं आठवतंय मला.

ईशान १५ चा झाला. मार्क ठीक आहेत, उलट बोलत नाही, नेमकं काय बिघडलंय म्हणून बोट ठेवायला जागाच नाही. फक्त दोन महिने झाले, ताट खोलीत नेतो, मित्र बोलवायला आले की आतूनच नाही म्हणतो, आणि सतत तेच. ३६ मिनिटांचा तर अल्बम, संपतो कधी आणि परत लागतो कधी कळत नाही.

बुधवारी रात्री मी तो अख्खा ऐकला, किती वर्षांनी. आणि तुला सांगते, आपल्या त्या भांडणात तूच चुकीची होतीस, आजही आहेस. म्हणे मिटिओरा म्हणजे त्यांच्या हायब्रिड थिअरीचीच दुसरी प्रत! अगं २००० साली पहिला अल्बम एवढा गाजल्यावर सगळे टपून बसलेले असतात की आता ह्यांचं पुढचं कसं आपटतंय ते बघू, अशात त्या पोरांनी टूरच्या बसमध्येच गाणी रचायला घेतली, 'समव्हेअर आय बिलाँग'चा कोरस चाळीसेक वेळा नव्याने लिहिला. तू म्हणालीस, चाळीस वेळा लिहून पहिल्यासारखाच झाला ना! दोन दिवस बोलले नव्हते मी तुझ्याशी. पण 'नोबडीज लिसनिंग'मधली बासरी आहे का पहिल्या अल्बममध्ये? आणि 'ब्रेकिंग द हॅबिट'? त्यात तर त्यांचा गायक चेस्टर शेवटपर्यंत किंचाळतच नाही. (जोश्याने स्टेजवर 'फेंट' म्हणताना घसा बसवून घेतला आणि पुढचे चार दिवस पाटीवर लिहून बोलत होता, ते आठवून रात्री एकटीच हसत होते.)

एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात आली नव्हती. दोन्ही अल्बममध्ये शिवी नाही, एकसुद्धा. आईसमोर मी हाच मुद्दा मांडायचे, बघ, काही वाईट नाही त्यात. आता वाटतं तिथेच गोम आहे. एवढा मोठा राग, पण मोठ्यांनी आक्षेप घ्यावा असं त्यात काहीच सापडत नाही, मग मोठे ऐकतच नाहीत.

२० जुलै २०१७ ला चेस्टर गेला, ४१ चा होता, आणि बातमी कळल्यावर तू मला फोन केलास. आधी नुसती रडलीस, मग म्हणालीस, अनू, तो तर ओरडून सांगत होता गं, सगळ्यांसमोर. मंगळवारपासून हे डोक्यातून जात नाहीये. 'ब्रेकिंग द हॅबिट' सगळ्यांना चेस्टरचीच कहाणी वाटायची, पण लिहिलं होतं बँडमधल्याच माइक शिनोडाने, कितीतरी वर्षं मनात घोळवून, आणि ते चेस्टरला एवढं लागलं की रेकॉर्ड करणं जड गेलं. आणि ते 'लॉस्ट' गाणं, मिटिओरासाठीच केलेलं, 'नंब'शी फार जुळतंय म्हणून बाजूला ठेवलेलं, ते २०२३ ला बाहेर आलं. वीस वर्षं पडून होता त्याचा आवाज. मला अजून ते पूर्ण ऐकवत नाही.

पण दुसरी बाजूही तूच सांगितली होतीस ना, की त्या महिन्यात तेवढी ३६ मिनिटंच बरी जायची, कुणीतरी आपल्यासारखं बोलतंय असं वाटायचं. म्हणून मला त्याच्याकडून ते काढूनही घ्यायचं नाहीये. आत जाऊन "बंद कर" म्हणणारी आई म्हणजे 'नंब'मधलीच आई की. मग करू काय? नुसती दाराबाहेर उभी राहू, परत एकदा?

अल्बमला ज्या जागेचं नाव आहे, त्या मिटिओराचे मठ बघायला तुला ग्रीसला जायचं होतं. पूर्वी त्या सुळक्यांवर माणसांना जाळीत बसवून दोरीने वर ओढून घ्यायचे, हे कुठेतरी वाचून तू म्हणालीस, मला तिथेच राहायचंय, वर गेल्यावर दोरी ओढून घ्यायची की झालं. आम्ही सगळ्या हसलो होतो. मीही.

काल मी तुझी सीडी काढली. हो, माझ्याकडेच आहे, पल्ल्याने हरवली नव्हती, तिला बिचारीला उगाच बोल लावलास. ईशानच्या टेबलावर ठेवली, काही बोलले नाही. रात्री तो बुकलेट हातात घेऊन स्वयंपाकघरात आला, एक इअरफोन कानात तसाच, आणि विचारलं, आई, 'ईझियर टू रन'च्या बाजूला पेन्सिलने चार तारखा लिहिल्यात, कसल्या आहेत? मी म्हणलं, मेघामावशीच्या आहेत. तो म्हणाला, ते कळलं, पण कसल्या?

मला सांगता आलं नाही. वीस वर्षं सीडी माझ्या कपाटात आहे आणि मी तुला एकदाही विचारलं नाही. तो थोडा वेळ थांबला, मग बुकलेट घेऊन आत गेला.

तुझं नवीन ऑफिस कसं आहे? बाबांची फिजिओथेरपी चालू आहे ना? घर बदलणार होतीस त्याचं काय झालं, पत्ता तोच धरून पाठवतेय. चिनूला पापा.

आणि फोन नको करूस, फोनवर तू "सगळं ठीक गं" म्हणतेस. लिहून पाठव. त्या तारखा कसल्या आहेत, आणि तेव्हा मी दार वाजवलं असतं तर तू उघडलं असतंस का. खरं काय ते लिही, मला लागेल म्हणून मऊ करू नकोस. त्याला काय सांगायचं आणि काय नाही, तेही तूच ठरव.

तुझी,
अनू