बसून घे

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी एकटीच बोलते आणि तू नुसतं हुं करतोस, म्हणून लिहायला बसले. काल सुनीता सांगत होती, नाकातल्या नळीतून द्यायचं रात्रीचं फीड तू मोबाइल बघत जवळजवळ आडवा पडूनच घेतलंस आणि ठसका लागला. पोरा, बसून घे. संपल्यावरही अर्धा-पाऊण तास पाठ टेकू नकोस. नळी पोटापर्यंत असली तरी पोटातलं वर येतं, छातीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. सिस्टरनी हे तुझ्यादेखत सांगितलं होतं.

आणि नुसत्या वरणाच्या पाण्यावर जबड्याच्या ऑपरेशनची जखम भरत नाही. 50 किलोच्या माणसाला अशा वेळी दिवसाला 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतात म्हणे. डाळ, भात, उकडलेलं अंडं, दुधाची पावडर, चमचाभर तेल असं सगळं मिक्सरमधून काढून फडक्यातून गाळायचं. एका वेळी 200 ते 250 मिली. सिरिंज उंच धरून आपोआप उतरू दे, दट्ट्या दाबायचा नाही. आधी आणि नंतर पाणी सोडायचं, नाहीतर नळी तुंबते. नाकाजवळची खूण सरकलेली दिसली तर फीड घालूच नका, दवाखाना गाठा.

बघ, लागले शिकवायला. सुनीता माझ्यापेक्षा नीट करते, तिला हे दाखवू नकोस.

तू तान्हा असताना बोंडल्याने दूध पाजायचे, तेव्हा आजी शेजारी बसून राहायच्या. डोकं जरा खाली गेलं की ओरडायच्या, "उचल त्याला, ठसकेल!" मला राग यायचा त्यांचा.

पायातलं हाड काढून जबड्याला लावलं, तरी वॉकर धरून तू वॉर्डभर चाललास, हे ह्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय. पुडीबद्दल एक शब्द बोलायचा नाही असं आमचं ठरलंय. ह्यांनी मात्र आपली चंची चुलीत घातली. मला राखेत चुन्याची डबी सापडली, तेव्हा कळलं.

बाळूच्या हाती नाचणीचं सत्त्व पाठवते आहे. पातळ शिजवा, गार झालं की घट्ट होतं. तोंडाने खात नसलास तरी डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने चुळा भरत जा. आणि रात्री अकराचं फीड असेल तेव्हा सुनीताला व्हिडिओ कॉल लावायला सांग. मी बोलणार नाही. बसलायस का, एवढंच बघेन.

तुझी,
आई