वाहनतळात गाड्या किती मावतात, यापेक्षा तासाला किती बाहेर पडतात?

मा. संपादक,

पुण्याच्या पेठांमध्ये पुनर्विकासाचा मोठा प्रस्ताव आला, की त्याला जोडून यांत्रिक वाहनतळाची, म्हणजे लिफ्टने गाड्या मजल्यांवर ठेवणाऱ्या मनोऱ्याची, चर्चा सुरू होते. सादरीकरणात एकच आकडा ठळक असतो: इतक्या गाड्या मावतील. मंजुरी देण्याआधी नगरसेवकांनी आणखी एक आकडा मागून घ्यावा. गर्दीच्या एका तासात किती गाड्या आत जातील आणि किती बाहेर येतील?

हिशेब साधा आहे. गाडी पॅलेटवर (ती उचलून नेणाऱ्या सपाट फळीवर) घेणे, वर नेणे, जागेवर ठेवणे आणि लिफ्ट रिकामी परत आणणे या एका फेरीला अडीच मिनिटे धरली, तर एक लिफ्ट तासाला 24 गाड्या हाताळते. चार लिफ्ट असतील तर 96. म्हणजे 400 गाड्यांचा मनोरा भरायला किंवा रिकामा करायला चार तासांहून जास्त वेळ लागेल. दिवाळीच्या खरेदीत तासाला 120 गाड्या आल्या, तर बाहेर जाणारी एकही गाडी नाही असे धरले तरी तासाअखेर 24 गाड्या दारात उभ्या राहतील. एका गाडीला सहा मीटर, म्हणजे ही रांग सुमारे दीडशे मीटरची. ती प्लॉटच्या आत मावणार नसेल तर रस्त्यावरच येणार, आणि जी कोंडी टाळायला वाहनतळ बांधला ती त्याच्याच दारात होणार. म्हणून प्रतीक्षेची जागा नकाशात मोजून दाखवायला लावावी. ती नसेल तर गाड्यांची संख्या कमी करावी.

प्रवेशद्वार कोणत्या रस्त्यावर आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. पेठांमधून जाणारा लक्ष्मी रस्ता एकेरी आहे. तिथे दार चुकले की अलका चौकापर्यंत जाऊन कुमठेकर रस्त्याने वळसा पडतो. शिवाय गणेशोत्सवात हा परिसर वाहनांना बंद होतो, तेव्हा आत अडकलेली गाडी कशी काढायची? दार बाजूच्या गल्लीत हवे, आणि तिथे अग्निशमन दलाची गाडी वळू शकते का हे दलाकडूनच तपासून घ्यावे.

यंत्राचा प्रकारही विचारावा. दोन मजली स्टॅकमध्ये, म्हणजे एका गाडीवर दुसरी ठेवणाऱ्या यंत्रात, खालची गाडी हलवल्याशिवाय वरची निघत नाही. एकाच घरातल्या दोन गाड्यांना ते चालते, सार्वजनिक वाहनतळाला नाही. तरी क्षमता फुगवायला ते मोजले जाते. पझल प्रकारात, म्हणजे पॅलेट आडवी-उभी सरकवून गाडी काढणाऱ्या यंत्रात, एक पॅलेट अडकले की आसपासच्या गाड्याही अडकतात. खड्ड्यातल्या यंत्रणेत पावसाचे पाणी शिरते, सेन्सर आणि लिमिट स्विच (यंत्र ठरलेल्या जागी थांबवणारे) आधी जातात. तिथे दोन पंप हवेत, एक चालू आणि एक राखीव. वीज गेल्यावर जनरेटरवर किती लिफ्ट चालतील, तेही लेखी घ्यावे. बऱ्याच यंत्रणांमध्ये उंच एसयूव्ही सगळ्या मजल्यांवर बसत नाहीत, आणि आता विकल्या जाणाऱ्या गाड्या पाहता ही बारीक अट नव्हे.

मला सर्वात जास्त खटकते ते दुचाकींचे. पेठांत खरेदीला येणारे बहुसंख्य लोक दुचाकीवर येतात. चारचाकीची एक जागा साधारण 2.5 बाय 5 मीटर, दुचाकीची 1 बाय 2. एका गाडीच्या जागेत मार्गिका सोडूनही चार-पाच दुचाकी सहज बसतात. त्यांना लिफ्ट लागत नाही, साधा उतार असलेले दोन मजले पुरतात. तेव्हा तळमजला आणि पहिला मजला दुचाकींनाच राखून ठेवावा, चारचाकी त्यावर. मंडई आणि कसबा पेठ मेट्रो स्थानके 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झाली आहेत. चारचाकीची गरज मोजताना ती गृहीत धरलीच पाहिजेत.

बांधले की प्रश्न सुटत नाही, हे मुंबईने दाखवले आहे. तिथे विकासकांना जादा चटईक्षेत्र देऊन सार्वजनिक वाहनतळ करून घेतले, तरी गाड्या रस्त्यावरच राहिल्या. शेवटी जुलै 2019 मध्ये निवडक वाहनतळांपासून 500 मीटरच्या आतील बेकायदा पार्किंगला 5 हजारांपासून 23 हजारांपर्यंत दंड लावावा लागला. रस्त्यावर फुकट आणि मनोऱ्यात पैसे, असे असेल तर मनोरा रिकामाच राहणार. पुणे महापालिकेने 2018 मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले आहे. वाहनतळ सुरू होईल त्याच दिवसापासून आसपासच्या रस्त्यांवरचे पार्किंगचे दर वाहनतळाच्या दरांहून जास्त असावेत.

आणि निविदेबद्दल. देखभाल दोन-तीन वर्षांची ठेवली, की मुदत संपल्यावर सुटे भाग मिळत नाहीत आणि लिफ्ट एकेक करून बंद पडतात. किमान 10 वर्षांची सर्वसमावेशक देखभाल मूळ निविदेतच हवी, आणि तिचे दर उभारणीच्या खर्चात मिळवून सर्वात कमी बोली ठरवावी. अंतिम देयकाआधी सर्व पॅलेटवर गाड्या ठेवून गर्दीच्या वेळेची चाचणी घ्यावी. तासाला ठरलेल्या गाड्या निघाल्या नाहीत, तर ठेकेदाराची अनामत सोडू नये.

– एक वाहतूक अभियंता, पुणे