आलेख चढला म्हणून लीक ठरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तंत्रज्ञान पानावर प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी जे लिहिले जाते, त्यात डीबगरची (चालू प्रोग्राम थांबवून आत डोकावण्याच्या साधनाची) ओळख ब्रेकपॉइंट (जिथे थांबायचे ती खूण) लावणे, एकेक ओळ पुढे जाणे आणि व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बघणे इथवरच होते. मेमरीचा प्रश्न आला की सल्ला एकच: टास्क मॅनेजर उघडा आणि आकडा बघा. आकडा वाढत गेला की मेमरी लीक (घेतलेली जागा परत न सोडण्याची चूक) आहे, असे ठरवून टाकले जाते. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकतो. बरोबर निघाला तरी लीक कुठल्या ओळीत आहे, हे त्यावरून कळत नाही. हीपमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालताना लागेल तशी मागून घेतो त्या मेमरीत, नेमके काय साठले आहे हे दाखवणारी खिडकी मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओत २०१५ च्या आवृत्तीपासून आहे, अ‍ॅपलच्या एक्सकोडमध्येही आहे. तिच्याविषयी लिहायला हवे, म्हणून हे पत्र.

आधी मेमरीच्या वापराचा आलेख का फसवतो ते. प्रोग्रामने फ्री केलेली (वापरून सोडलेली) जागा ऑपरेटिंग सिस्टिमला लगेच परत जातेच असे नाही. लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीतले मेमरी वाटणारे फंक्शन, मॅलॉक, लहान तुकडे पुढच्या मागणीसाठी स्वतःकडे राखून ठेवतो. १२८ किलोबाइट किंवा त्याहून मोठी मागणी आली की तो कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) वेगळा तुकडा मागून घेतो, आणि असा तुकडा फ्री केला की जागा तिथल्या तिथे परत जाते. पण एकदा असा तुकडा फ्री झाला की ही मर्यादाच त्याच्या आकाराइतकी वर सरकते, ६४ बिट यंत्रणेत कमाल ३२ मेगाबाइटपर्यंत. म्हणजे तेच काम पुन्हा केले की तीच मागणी या वेळी नेहमीच्या हीपमधून भागवली जाते आणि आलेख खाली यायचे नाव घेत नाही. हीपच्या वरच्या टोकाला एखादा चिमुकला तुकडा जिवंत राहिला, तर त्याच्या खालची मोकळी जागाही आपोआप परत जात नाही. यात लीक कुठेही नाही. जावात तर आलेख करवतीच्या दातांसारखाच दिसतो. तिथे दातांची टोके बघण्यात अर्थ नसतो. गार्बेज कलेक्शन (नको असलेल्या ऑब्जेक्टची आपोआप सफाई) झाल्यानंतरचे तळ वर सरकत आहेत का, एवढेच बघायचे.

आता व्हिज्युअल स्टुडिओ आणि सी प्लस प्लस धरून प्रत्यक्ष कृती. एफ-५ दाबून प्रोग्राम सुरू केला की 'डायग्नॉस्टिक टूल्स' ही खिडकी सहसा आपोआप उघडते. न उघडल्यास कंट्रोल-ऑल्ट-एफ-२ दाबावे. तरीही दिसली नाही तर 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'डीबगिंग', 'जनरल' या वाटेने जाऊन डीबगिंगच्या वेळी डायग्नॉस्टिक टूल्स चालू ठेवण्याच्या चौकटीत खूण आहे ना, ते तपासावे. खिडकीत 'मेमरी युसेज' या टॅबवर जाऊन 'हीप प्रोफायलिंग' चालू करावे. इथेच बहुतेक जण अडखळतात. नेटिव्ह (सी प्लस प्लससारख्या, थेट यंत्रभाषेत उतरणाऱ्या) कोडसाठी हे बटण चालू केल्यावर झालेल्या अ‍ॅलोकेशनचीच (जागेच्या मागण्यांचीच) नोंद होते, आधीची निसटतात. म्हणून मेन या सुरुवातीच्या फंक्शनच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून तिथेच ते चालू करावे. नोंद ठेवण्यामुळे प्रोग्राम मंदावतो, त्यामुळे त्याच फेरीत वेगाचे मोजमाप करू नये.

मग ज्या कामाचा संशय आहे त्याच्या आधी एक आणि नंतर एक ब्रेकपॉइंट लावायचा, आणि दोन्ही ठिकाणी प्रोग्राम थांबलेला असताना 'टेक स्नॅपशॉट' दाबायचे. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या हीपची नोंद. प्रत्येक स्नॅपशॉटसमोर जिवंत अ‍ॅलोकेशनची संख्या आणि हीपचा आकार येतो, कंसात मागच्या स्नॅपशॉटपासूनचा फरक. त्या फरकावरच क्लिक करायचे. एकूण आकड्यावर क्लिक केले तर हजारो नोंदींची यादी समोर येते आणि तिच्यात काहीही सापडत नाही. वरच्या आलेखातला 'प्रायव्हेट बाइट्स'चा आकडा आणि स्नॅपशॉटमधला हीपचा आकार जुळत नाहीत म्हणून गोंधळू नये. पहिल्यात स्टॅक (फंक्शनच्या स्थानिक व्हेरिएबलची जागा), लायब्ररींचा डेटा आणि हीपने राखून ठेवलेली मोकळी जागाही धरलेली असते.

एकाच फेरीचा फरक मात्र कधीही खरा मानू नये. पहिल्या फेरीत बफर तयार होतात, फॉन्ट आणि लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी) चढवले जातात, स्टॅटिक ऑब्जेक्ट जन्माला येतात. हे सगळे एकदाच होते आणि प्रोग्राम संपेपर्यंत राहते. म्हणून काम दोनदा होऊ द्यावे, मग पहिला स्नॅपशॉट घ्यावा, नंतर तेच काम १३ वेळा करून दुसरा घ्यावा. १० ऐवजी १३ का? १० आणि १०० हे आकडे प्रोग्रामात इतरत्र इतके येतात की योगायोगानेही दिसतात. फरकाच्या यादीत एखाद्या प्रकारासमोर १३, २६ किंवा ३९ दिसले, तर दर फेरीला एक, दोन किंवा तीन ऑब्जेक्ट मागे राहत आहेत, असे जवळपास खात्रीने म्हणता येते. १ किंवा ४ असा फरक बहुधा दुर्लक्ष करण्याजोगा असतो. पार्श्वभूमीला दुसरे थ्रेड (समांतर चालणारी कामे) चालू असतील तर ते आपल्या कामाच्या मध्यावर थांबलेले असतात आणि त्यांचे ऑब्जेक्टही यादीत घुसतात. पण ते फेऱ्यांच्या पटीत येत नाहीत, म्हणून ओळखू येतात.

फरकाचा अहवाल प्रकारानुसार किंवा कॉल स्टॅकनुसार (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या साखळीनुसार) बघता येतो. आधी प्रकार बघावा, मग त्या प्रकाराच्या एखाद्या नोंदीचा कॉल स्टॅक. सी प्लस प्लसच्या 'न्यू'ने घेतलेल्या जागेचा प्रकार कंपायलर नोंदवून ठेवतो. मॅलॉककडून मात्र नुसता व्हॉइड (प्रकार नसलेला) पॉइंटर मिळतो, त्यामुळे तिथे प्रकार कळेलच असे नाही आणि अनेकदा कॉल स्टॅकवरच भिस्त ठेवावी लागते. स्टॅकमध्ये फंक्शनच्या नावांऐवजी नुसते पत्ते दिसले तर त्या मोड्यूलची पीडीबी फाइल (फंक्शनची नावे साठवणारी) सापडलेली नाही. ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये इनलाइन झालेली (बोलावणाऱ्या फंक्शनमध्येच मिसळून टाकलेली) फंक्शने गायब होतात, म्हणजे दिसते ते नाव खऱ्या जागेच्या एखादी पायरी वरचे असू शकते. आणि प्रोग्रामने स्वतःचा मेमरी पूल (एकदाच मोठी जागा घेऊन आतून वाटण्याची सोय) बांधला असेल तर डीबगरला एकच भलामोठा ठोकळा दिसतो, आत काय चालले आहे ते नाही. अशा अ‍ॅलोकेटर फंक्शनला मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये 'डेक्लस्पेक अ‍ॅलोकेटर' अशी खूण जोडता येते, मग त्यातल्या ऑब्जेक्टचा प्रकार ओळखता येतो; पण मागणी नोंदवली जाण्यासाठी पूलच्या कोडने ती डीबगरला वेगळी कळवावी लागते.

जिवंत राहिलेली प्रत्येक गोष्ट चूक नसते. व्हेक्टरवर (सी प्लस प्लसमधल्या वाढत जाणाऱ्या यादीवर) क्लिअर चालवले तरी घटक जातात, जागा राहते. ती सोडण्यासाठी श्रिंक टू फिट आहे, पण भाषेच्या मानकाच्या दृष्टीने तीही केवळ विनंती आहे. उलट काही त्रास स्नॅपशॉटमध्ये दिसतच नाहीत. व्हेक्टर भरला की तो मोठी जागा घेतो, घटक तिकडे नेतो आणि मग जुनी सोडतो. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत ही वाढ दीडपट असते, जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीत दुप्पट. ४०० मेगाबाइटचा व्हेक्टर ६०० वर जाताना क्षणभर १००० मेगाबाइट लागतात. ३२ बिट प्रोग्राम कोसळतो तो अनेकदा अशा क्षणी. आधीचा आणि नंतरचा स्नॅपशॉट दोन्ही निर्दोष दिसतील, सुळका दिसेल तो फक्त आलेखात. आलेखाचा खरा उपयोग इथे आहे. उपाय म्हणजे रिझर्व्ह वापरून जागा आधीच मागून घेणे.

डीबग बिल्डमध्ये (चुका शोधण्यासाठी बांधलेल्या प्रोग्रामात) आकार थोडे फुगतात, कारण प्रत्येक तुकड्याला माहितीचा मथळा आणि दोन्ही बाजूंना ४-४ बाइटांचा पहारा जोडलेला असतो. तिथे आकारापेक्षा संख्येवर विश्वास ठेवावा. याच बिल्डमध्ये 'मेमरी १' ही खिडकी उघडून पॉइंटरचा पत्ता टाकला तर आणखी एक फायदा होतो. सोळा-आधारी आकड्यांत ओळीने सीडी-सीडी दिसले तर जागा घेतली पण भरली नाही. डीडी-डीडी दिसले तर ती आधीच फ्री झालेली आहे. एफडी म्हणजे पहारा, आणि तो पुसला गेला असेल तर कोणीतरी हद्दीबाहेर लिहिले आहे.

एक्सकोडमध्ये डीबग पट्टीवरचे 'डीबग मेमरी ग्राफ' हे बटण दाबले की प्रोग्राम थांबतो आणि कोणता ऑब्जेक्ट कोणाला धरून आहे त्याचे जाळे दिसते. जागा कुठे घेतली हेही हवे असेल तर स्कीमच्या (प्रोग्राम चालवण्याच्या मांडणीच्या) 'डायग्नॉस्टिक्स'मध्ये 'मॅलॉक स्टॅक लॉगिंग' आधी चालू करून ठेवावे लागते. जांभळी खूण फक्त ज्यांच्याकडे कुठूनच वाट उरलेली नाही अशा ऑब्जेक्टवर येते, उदाहरणार्थ एकमेकांना घट्ट धरून बसलेली जोडी. स्टॅटिक यादीत विसरलेल्या ऑब्जेक्टवर ती येत नाही, म्हणून खूण नाही यावर समाधान मानू नये. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्येही नेमके हेच दुखणे असते. तिथे स्नॅपशॉटमधील 'पाथ्स टू रूट' (ऑब्जेक्टला कोण धरून आहे ती वाट) बघितले की न काढलेला इव्हेंट हँडलर (घटना घडल्यावर चालणारे फंक्शन) बहुधा सापडतो. लिनक्सवर हीपट्रॅक हे साधन आणि त्याची चित्रमय खिडकी चांगली. व्हॅलग्रिंडचा मॅसिफही आहे, पण प्रोग्राम कितीतरी पट मंदावतो आणि मुळात साधारण दर दहावा स्नॅपशॉटच तपशिलाचा असतो. जावासाठीच्या इंटेलिजेमध्ये 'मेमरी' टॅबवर दोन थांब्यांमधला फरक क्लासनुसार मिळतो.

ज्यांच्यापर्यंत हे पोहोचेल त्यांना एक सूचना द्यावीच लागेल. हीप डंप म्हणजे त्या क्षणी प्रोग्रामच्या हीपमध्ये असलेल्या सगळ्या डेटाची फाइल: वापरकर्त्यांची नावे, पासवर्ड, टोकन, सारे वाचता येईल अशा स्वरूपात. अशी फाइल मदत मागताना कुठेही जोडू नये. खऱ्या वापरातल्या प्रोग्रामचा डंप घेण्यापेक्षा खोट्या डेटावर तोच प्रसंग घडवून डंप घ्यावा, आणि दुसऱ्याला पाठवायचे असेल तर फरकाच्या यादीतल्या हव्या तेवढ्या ओळी पाठवाव्यात.

कळावे,
आपला,
एक वाचक