टॉवर वाढवले म्हणून ठिकाण अचूक मिळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानात अडकलेल्यांचा मोबाइलवरून ठावठिकाणा लागावा म्हणून आणखी टॉवर उभारा, असे कालच्या अग्रलेखात म्हटले आहे. कळकळ रास्त आहे, पण उपाय अर्धवट आहे आणि तोच दरवेळी छापून येतो, म्हणून हे पत्र.

फोन एकाच टॉवरच्या टप्प्यात असेल तर दिशा आणि अंतर एवढेच हाती येते. फोर-जीमध्ये अंतर साधारण 78 मीटरच्या पायऱ्यांनी मोजतात, ते ठीक. दिशा मात्र 120 अंशांच्या पट्ट्यात कुठेही असू शकते. टॉवरपासून पाच किलोमीटरवर हा कंस साडेदहा किलोमीटर भरतो! म्हणून किमान तीन टॉवरांच्या सिग्नलांच्या वेळेतला फरक लागतो, आणि खरी गोम तिथे आहे.

रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, 300 मीटर जाते. फाइव्ह-जीच्या टॉवरांची घड्याळे दीड मायक्रोसेकंद पुढेमागे असली तरी फोन लागतो, व्हिडिओ चालतो, तक्रार येत नाही. ठिकाण काढताना तेवढ्याने 450 मीटरची चूक होते. त्यात टॉवरच्या घड्याळाला वेळ पुरवणाऱ्या जीपीएस अँटेनापासून रिसीव्हरपर्यंतची केबल मीटरमागे चार-पाच नॅनोसेकंद (मायक्रोसेकंदाचे हजारावे भाग) खाते. 40 मीटर केबलची लांबी रिसीव्हरमध्ये भरायची राहिली, की आणखी 50-60 मीटर गेले. सगळीकडे केबल सारखी असती तर ही चूक वजाबाकीत खपली असती. तशी ती नसते.

टॉवरवरच्या मोबाइल अँटेनाचे अक्षांश-रेखांश अचूक नोंदणे हा तर स्वस्तातला उपाय, आणि तोच राहून जाऊ शकतो. दशांशाचे तीनच आकडे नोंदले तर शंभर मीटरची ढिलाई राहते, पाच हवेत. तेही फाटकाचे नव्हे, प्रत्यक्ष अँटेनाचे, उंचीसकट, आणि अँटेना हलवली की नव्याने.

महामार्गाला धरून एका ओळीत टॉवर असले की फोन रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला आहे की समुद्राकडच्या, हे गणिताला कळत नाही. त्याच ओळीत चौथा टॉवर उभारून काय साधणार? तो बाजूला हवा. घाटात डोंगरावर आपटून येणारा सिग्नल थेट सिग्नलपेक्षा जोरदार असू शकतो, पण उशिरा पोचतो. मोजणी सर्वांत आधी आलेल्यावर व्हावी. फाइव्ह-जीच्या 2020 च्या मानकात अनेक टॉवरांशी जाण्यायेण्याची वेळ मोजण्याची सोय आहे, तिथे टॉवरांच्या घड्याळांचा मेळ नसला तरी चालते. ती आपल्याकडे सुरू आहे का, हे सरकारने कंपन्यांना विचारावे. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावरही नुसती टाचणी नको, चूक किती असू शकते ते दाखवणारे वर्तुळ दिसायला हवे.

आणखी एक. त्याच पानावरच्या नकाशात मोले सांगे तालुक्यात दाखवले आहे. धारबांदोडा वेगळा तालुका होऊन दशक उलटले. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, फोंडा