अफगाण चर्चचे अंतरंग आणि विल्यम बटरफील्ड : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सन्माननीय महोदय,

सविनय नमस्कार. कुलाब्यातील सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च, ज्याला सारी मुंबई अफगाण चर्च म्हणून ओळखते, त्याच्या अंतर्भागाची संपूर्ण मोजणी, छायाचित्रण आणि मराठीतील सविस्तर नोंद राज्य शासनाने चर्चच्या विश्वस्तांच्या संमतीने करून घ्यावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पहिल्या अफगाण युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ या चर्चची पायाभरणी 1847 मध्ये झाली आणि 7 जानेवारी 1858 रोजी ते उपासनेसाठी खुले झाले. 198 फूट उंचीचा मनोरा मात्र 1865 मध्ये पुरा झाला. वास्तूचा आराखडा हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याचा होता. मुंबईला नळाचे पाणी देणाऱ्या विहार तलावाच्या योजनेशीही त्यांचेच नाव जोडलेले आहे, त्यामुळे शहराच्या इतिहासात ते अगदीच अपरिचित नाहीत. आतील फरशी, बाके, जाळ्या आणि वेदीमागील नक्षीकाम ज्यांच्या आराखड्यांवरून झाले, त्या विल्यम बटरफील्ड यांच्याविषयी मात्र मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे.

बटरफील्ड यांचा जन्म 1814 मध्ये लंडनमध्ये झाला. वडील औषधविक्रेते होते. 1831 मध्ये, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, ते पिमलिको भागातील एका इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराकडे उमेदवारीला लागले. वीट कशी रचतात, लाकडाचा जोड कसा बसतो, हे त्यांनी कागदावर रेषा ओढण्याआधी कामावर शिकून घेतले. पुढे त्यांच्या चर्चमधील साधे दार किंवा बाक पाहतानाही या शिक्षणाची खूण पटते, असे मला वाटते. 1840 मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतःचे कार्यालय थाटले. अँग्लिकन पंथातील ज्या गटाला मध्ययुगीन उपासनापद्धतीचे गांभीर्य परत आणायचे होते, त्या गटाचे ते आवडते वास्तुरचनाकार झाले. ते स्वतः अतिशय धर्मनिष्ठ, अविवाहित आणि प्रसिद्धीपासून दूर राहणारे होते. 1884 मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने त्यांना सुवर्णपदक जाहीर केले, तेव्हाही ते समारंभाला गेले नाहीत.

लंडनमधील मार्गारेट स्ट्रीटवरील ऑल सेंट्स चर्चची पायाभरणी 1850 मध्ये झाली आणि 1859 मध्ये, म्हणजे आपल्या अफगाण चर्चनंतर अवघ्या वर्षभराने, ते उपासनेसाठी खुले झाले. गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीचे चर्च करड्या दगडाचेच असते, ही समजूत बटरफील्ड यांनी तिथे मोडली. लाल विटांच्या भिंतीत काळ्या विटांचे पट्टे, आत संगमरवर, रंगीत दगड आणि फरशा असे सारे त्यांनी बांधकामातच गुंफले. रंग हा वरून फासायचा नसून साहित्यातूनच यावा, हा त्यांचा आग्रह होता. ऑक्सफर्डचे केबल कॉलेज हे याच विचाराचे मोठे रूप आहे. कुलाब्याच्या चर्चमधील, इंग्लंडहून जहाजाने आणलेली भौमितिक नक्षीची फरशीही याच दृष्टीने पाहावी लागते. ती केवळ पाय ठेवण्याची जागा नसून वास्तूच्या रचनेचा भाग आहे.

बटरफील्ड कधीही भारतात आले नाहीत. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे कामही त्यांनी लंडनमध्ये बसूनच, नकाशे पाठवून चालवले. पण तिथल्या व्यवस्थापनाशी मतभेद होऊन 1884 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि काम दुसऱ्यांनी पुरे केले. त्या कॅथीड्रलचे मनोरे तर पुढे वेगळ्याच आराखड्याने उभे राहिले. वास्तूचा कर्ता दूर असला आणि त्याचा हेतू नीट नोंदलेला नसला, की नंतरच्या हातांकडून काय काय बदलले जाते, याचे हे उदाहरण आहे. 1900 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या रंगसंगतीला कुरूप ठरवण्याची लाट आली आणि इंग्लंडमधीलच काही चर्चमध्ये त्यांचे रंगकाम पांढऱ्या रंगाखाली झाकले गेले. ही हानी अज्ञानी माणसांनी केली असे नाही. आपण वास्तू सुधारत आहोत, अशी करणाऱ्यांची प्रामाणिक समजूत होती.

म्हणूनच दुरुस्तीच्या आधी नोंद हवी, असे माझे म्हणणे आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजते, दगडाचे पापुद्रे सुटतात, पावसाळ्यात ओल चढते. दुरुस्त्या होणारच आणि त्या व्हायलाच हव्यात. पण एखादी फरशी निघाली, तर तिच्या जागी कोणत्या मापाची, कोणत्या रंगाची आणि कोणत्या दिशेने बसवायची, हे सांगणारा कागद गवंड्याच्या हाती असला पाहिजे.

हे काम राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने हाती घ्यावे आणि सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना मोजणीत सहभागी करून घ्यावे, असे सुचवतो. विल्यम वेल्स यांच्या रंगीत काचांच्या खिडक्यांचाही त्यात समावेश असावा.

परकीय सत्तेच्या युद्धस्मारकावर मराठी माणसाचा पैसा का खर्चावा, असा प्रश्न विचारला जाईल आणि तो गैर नाही. त्या युद्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्कराच्या पलटणी लढल्या, आणि त्या लष्करात कोकणातले व देशावरचे शिपाईही भरती होत असत. ज्या फौजांच्या स्मरणार्थ हे चर्च उभे राहिले, त्यांत आपलीही माणसे होती. वास्तूचा दगड याच परिसरातला आहे. नोंद मराठीत झाली, तर या गोष्टीही तिच्यात याव्यात.

पहिल्या टप्प्यात फक्त फरशी आणि वेदीचा भाग घेतला, तरी चालेल. येत्या पावसाळ्यापूर्वी विश्वस्त आणि संचालनालय यांची एक संयुक्त बैठक आपण बोलवावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक मुंबईकर