फळमाशांसोबत आयुष्य काढलेल्या माईंना

आदरणीय माई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र हातात आणून दिलं असतं तरी चाललं असतं, तुम्ही दोन घरं सोडून तर राहता. पण तुम्ही अर्धं वाचून "पुरे गो" म्हणत घडी घालून ठेवलं असतं. शिवाय तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते गोव्यातल्या आपल्या माशेल गावापुरतं राहू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून जाहीर लिहिते आहे. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्ही तसं बजावलंच आहे.

बाबांचं दुखणं चवथीच्या आरत्यांत लक्षात आलं. आरतीला घुमट, आपलं मातीचं चर्मवाद्य, वाजायला लागलं की बाबांचा आवाज वाड्यावर सगळ्यांना ओळखू यायचा. त्या वर्षी पहिली आरती खणखणीत झाली आणि तिसरीला आवाज नाकातून यायला लागला, शब्द जड झाले. थोडा वेळ गप्प बसले की पुन्हा स्वच्छ. मग संध्याकाळी डावी पापणी खाली यायला लागली, सकाळी मात्र डोळे ठणठणीत. पुढे जेवताना घास अडकायला लागला आणि आम्ही घाबरलो. कोणी वय म्हणालं, कोणी चष्म्याचा नंबर. शेवटी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नसेवर विजेचे हलके झटके लागोपाठ देऊन स्नायूचा प्रतिसाद कसा उतरत जातो ते पाहिलं, रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तपासली आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे वापरता वापरता स्नायू थकत जाण्याचा आजार, असं निदान झालं.

निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, तरी बाबांचं मन काही तयार होईना. "गोळी घेतली की तीन-चार तास बरं, मग परत तेच. हे कसलं औषध?" असं म्हणून ते मध्येच गोळी चुकवायचे. तेव्हा मी तुमच्याकडे आले, कारण नसांमधून संदेश कसे जातात याच्या संशोधनात तुमचं आयुष्य गेलं आहे. तुम्ही त्याच संध्याकाळी आलात आणि बसायच्या आधी सांगितलंत, "मी डॉक्टर नव्हे. कुठली गोळी, किती, कधी, ते बांबोळीलाच विचारायचं. आत काय चाललंय तेवढं मी सांगते." इतकी वर्षं या विषयात घालवलेल्या माणसाने आपली हद्द अशी आधीच आखून घ्यावी, याचं मला फार अप्रूप वाटलं, आणि त्यामुळेच बाबांचा तुमच्यावर विश्वास बसला.

तुम्ही त्यांना सोप्यावर बसवलंत आणि समोरच्या माडाच्या शेंड्याकडे एकटक बघायला सांगितलंत. बघता बघता डावी पापणी उतरत बुबुळावर आली. मग रुमालात बर्फ गुंडाळून तो मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरलात. रुमाल काढला तर पापणी वर! आई देवघरातून धावत आली. तुम्ही म्हणालात, "हा चमत्कार नव्हे, रसायन आहे." आणि मग ते रसायन आम्हाला उलगडून सांगितलंत.

नस स्नायूला चिकटलेली नसते. दोघांमध्ये फट असते, सुमारे 50 नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. हीच चेतासंधी, सिनॅप्स. नसेच्या टोकाशी अॅसिटिलकोलिन या निरोप नेणाऱ्या रसायनाच्या सूक्ष्म पुड्या तयार असतात, एकेकीत हजारो रेणू. संदेश आला की कॅल्शियम आत शिरतं, पुड्या फटीत रित्या होतात, रेणू पलीकडे स्नायूवर त्यांना झेलणाऱ्या ग्राहींना (रिसेप्टर) जाऊन भिडतात आणि स्नायू आखडतो. लगेच फटीतलं एक विकर (एन्झाइम) ते रेणू तोडून टाकतं, म्हणजे पुढच्या संदेशाला जागा मोकळी. बाबांच्या शरीरातली प्रतिपिंडं नेमकी त्या ग्राहींवर उठली आहेत. पुड्या फुटतात, पण पलीकडे झेलणारे कमी. लागोपाठ संदेश गेले की पुड्यांची संख्याही जराशी घटते. एरवी ते जाणवत नाही, बाबांच्या बाबतीत तेवढ्यानेच तिसऱ्या आरतीला आवाज जातो. गोळी त्या विकराला काही तास थोपवते आणि रेणू फटीत जास्त वेळ टिकतात. गारव्यानेही ते विकर मंदावतं, म्हणून बर्फ लावल्यावर पापणी उचलली गेली. "गोळी कमी पडत नाही," तुम्ही बाबांना म्हणालात, "तिचं काम तेवढ्याच वेळाचं आहे." त्या वाक्यानंतर बाबांनी एकही गोळी चुकवलेली नाही. डॉक्टरांना विचारून त्यांनी जेवणाच्या आणि भजनाच्या आधीची वेळ बांधून घेतली आहे.

पण बाबांनी त्या संध्याकाळी विचारलेला खरा प्रश्न वेगळाच होता: "हे सगळं कोणी बघितलं?" दुसरं कोणी असतं तर 'शास्त्रज्ञांनी' म्हणून मोकळं झालं असतं. तुम्ही चहा परत मागितलात.

तुम्ही बर्नार्ड कॅट्झची गोष्ट सांगितलीत. लाइपझिगचा ज्यू मुलगा, नाझींच्या राज्यातून निसटून 1935 साली लंडनला पोहोचला. 1952 साली तो आणि पॉल फॅट यांनी बेडकाच्या स्नायूतल्या चेतासंधीचा अभ्यास छापला. नसेला कोणी चाळवलेलं नसतानाही स्नायूत अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे बारीक ठोके येत होते. यंत्राचा दोष म्हणून ते सोडून देणं सोपं होतं, त्यांनी सोडले नाहीत. ते ठोके पुडीपुडीने रसायन सुटण्याची खूण होते हे पुढच्या प्रयोगांतून दिसलं, आणि 1970 साली कॅट्झना नोबेल मिळालं. त्याआधी 1934 साली ग्रिनिचच्या रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टरबाईंना दिसलं होतं, की या आजाराची लक्षणं क्युरारे या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाच्या बाधेसारखी आहेत. मग त्या विषावरचा उतारा इथे का चालू नये? त्यांनी तो उतारा, फायसोस्टिग्मिन, टोचला आणि रोग्याच्या अंगात काही काळ ताकद आली. बाबांची गोळी त्याच वाटेने आलेली आहे. ग्राही म्हणजे नक्की काय हे तेव्हा कोणाला धड ठाऊक नव्हतं.

ते कळायला साप उपयोगी पडला. मण्यारीचं नाव काढताच आईने नेहमीसारखे हात जोडले. आपल्या मण्यारीच्या कुळातल्या तैवानी सापाच्या विषातून 1963 साली चँग आणि ली यांनी एक घटक वेगळा केला, तो ग्राहींना असा धरतो की सोडत नाही. त्याच घटकाला किरणोत्सारी खूण लावून 1973 साली फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी रोग्यांच्या स्नायूंतले ग्राही मोजले, तेव्हा ते फार कमी भरले. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत ईलमधला ग्राही सशांना टोचला आणि ससे बाबांसारखेच गळाठले. प्रतिपिंडांचा संशय तिथे पक्का व्हायला लागला. बाबा ऐकत होते आणि मधूनच स्वतःच्या पापणीला बोट लावून पाहत होते.

तुमच्या स्वतःच्या कामाचं मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत. ते मला नंतर तुमच्याकडे येऊन खोदून काढावं लागलं. 1976 साली ओबेद सिद्दिकी आणि सिमूर बेंझर यांनी उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या फळमाशांवरचा निबंध छापला, आणि तो वाचून तुम्ही गोव्यातून मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेलात. घरच्यांना वाटत होतं, मुलीने निदान माणसांच्या रोगावर काम करावं. तुम्ही मक्याचं पीठ, साखर आणि यीस्टच्या खळीवर माशा वाढवत राहिलात.

तुमच्या त्या वह्या मी पाहिल्या आहेत. डावीकडे बाटलीचा क्रमांक, मग अंश सेल्सिअस, मग माशी किती सेकंदांत पडली आणि किती वेळाने उठली. पानामागून पान हेच. कोमाटोज या जनुक बिघडलेल्या वाणाची माशी 38 अंशांना पडते आणि गार केली तरी बराच वेळ उठत नाही. शिबिरे या दुसऱ्या तशाच वाणाची तिशीच्या आतबाहेर पडते आणि गारव्यात आली की लगेच चालायला लागते. शिबिरेच्या नसेत रित्या पुड्यांचं आवरण परत आत ओढलं जात नाही, साठाच संपतो, हे पुढे कळलं. कोमाटोजचं कोडं 1995 साली विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेने सोडवलं: बिघडलेलं जनुक एनएसएफ या प्रथिनाचं होतं, पुडी फुटताना एकमेकांत पिळून बसलेली प्रथिनं सोडवणाऱ्याचं. पेशीतल्या असल्या वाहतुकीच्या उलगड्याला 2013 चं नोबेल मिळालं, ते रॉथमन, शेकमन आणि झ्युडहॉफ यांना.

तुम्ही वही मिटत म्हणालात, "माझ्या हाती काही मोठं लागलं नाही." माई, हे मला अजिबात पटलेलं नाही. बेडकाचे ठोके, सापाचं विष, ईल, ससे, तुमच्या पडलेल्या माशा, यांतलं काहीही आमच्या बाबांसाठी केलेलं नव्हतं. तरी त्यातलं कितीतरी त्यांच्या गोळीला, तपासणीला आणि आमच्या समजुतीला येऊन मिळालं. आणि मे महिन्यात उकाड्याने बाबांची पापणी जास्तच उतरायला लागली तेव्हा "माशीचं वेगळं आणि यांचं वेगळं, दोन्हींची गल्लत नको" असं मला ठणकावणाऱ्याही तुम्हीच होतात. असं बोलायला आयुष्यभर सेकंद मोजलेलं माणूस लागतं.

मनापासून आभार, माई. बाबांच्या गोळीच्या वेळेबद्दल, आईची भीती गेली त्याबद्दल, आणि त्या सगळ्या वर्षांबद्दल, ज्यांत तुमच्याकडे कोणी कशासाठी म्हणून विचारायलाही आलं नसेल.

आता एक हट्ट. त्या वह्यांना पावसाळ्यात बुरशी धरते आहे. मी रविवारी येऊन एकेका पानाचा फोटो काढणार आहे, नको म्हणू नका. बाबाही येणार आहेत. नाग चावलेल्या माणसाला निओस्टिग्मिनने, म्हणजे त्याच विकराला थोपवणाऱ्या औषधाने, फरक पडतो, मग मण्यार चावलेल्याला का पडत नाही, असा त्यांचा पुढचा प्रश्न तयार आहे.

तुमची,
शेजारची लेक