मोठ्या माणसांनी सैनिक रंगवत बसायचं का? हो, बसायचं

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

मागच्या पंधरवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, त्यांचा पुतण्या इंग्लंडला शिकायला गेलाय आणि तिकडे दर आठवड्याला कुठल्याशा हॉलमध्ये जाऊन परग्रहावरचे प्लॅस्टिकचे सैनिक मांडून खेळत बसतो, एवढा घोडा झाला तरी खेळण्यातून बाहेर येत नाही, पैशाची नासाडी ती वेगळीच आणि वर लढाईचं वेड, असा एकंदर सूर होता. काकांची काळजी मला समजते, पोरगं घरापासून इतकं लांब असलं की कशाचीही धास्ती वाटते. पण मी नॉटिंगहॅमजवळ राहते, तशाच एका क्लबची मेंबर आहे, स्वतः रंगवते आणि खेळतेसुद्धा, म्हणून वाटलं दुसरी बाजू कुणीतरी लिहायला पाहिजे. मोबाईलवर टाईप करतेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते, कारण त्या पत्रात सगळं 'खेळणी' या एका शब्दात उरकलं होतं. १९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी गेम्स वर्कशॉप नावाची कंपनी काढली, १९७९ ला आमच्या इथून जवळ नेवार्कला सिटाडेल मिनिएचर्स सुरू झाली धातूचे छोटे पुतळे ओतायला, १९८३ ला वॉरहॅमर आलं, ते राक्षस आणि जादूवालं, आणि १९८७ ला रिक प्रीस्टली यांनी लिहिलेलं वॉरहॅमर ४०,००० आलं, म्हणजे ४१व्या सहस्रकातली अंतराळातली लढाई. काकांचा पुतण्या बहुतेक हेच खेळत असणार. कंपनीचं मुख्य ऑफिस आणि कारखाना नॉटिंगहॅममध्येच, शिवाय वॉरलॉर्ड, मॅन्टिक, पेरी असे बाकीचे बनवणारेही याच भागातले, पूर्वी सैनिक शिशाचे असायचे म्हणून या पट्ट्याला लोक अजून 'लेड बेल्ट' म्हणतात. आणि डिसेंबर २०२४ मध्ये गेम्स वर्कशॉप लंडन शेअर बाजाराच्या एफटीएसई १०० मध्ये गेली, ब्रिटनमधल्या सगळ्यात मोठ्या शंभर कंपन्यांत. इतकं सगळं फक्त लहान पोरांच्या जोरावर होत नाही हो. सुपरमॅनचं काम केलेला हेन्री कॅव्हिल स्वतः ब्रश घेऊन हे सैनिक रंगवतो, मुलाखतीत अगदी मनापासून बोलतो त्यावर.

आता रंगवण्याबद्दल, कारण माझा जीव त्यात जास्त आहे. पेटीतून सैनिक तयार निघत नाही. प्लॅस्टिकच्या चौकटीत हात वेगळा, डोकं वेगळं, बंदूक वेगळी, ते कटरने कापायचं, साच्याची जी बारीक रेघ राहते ती पात्याने खरवडायची (हे केलं नाही तर पुढे रंग दिल्यावर ती रेघ उठून दिसते आणि मग हळहळ), मग ग्लू, तो प्लॅस्टिक वितळवून जोडतो त्यामुळे एकदा बसलं की बसलं. मग प्रायमर, म्हणजे वरचा रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर. मी आधी सगळा काळा मारते आणि मग फक्त वरून पांढरा उडवते, त्याने प्रकाश कुठून पडतोय ते रंग द्यायच्या आधीच दिसतं, कुठे उजळ आणि कुठे सावली ते पुतळाच सांगतो. मग ॲक्रिलिक रंग, पाणी घालून पातळ केलेला, एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात, डंकन ऱ्होड्स नावाचा एकजण व्हिडिओतून वर्षानुवर्षं हेच सांगत आलाय आणि ते शंभर टक्के खरं आहे, जाड रंगाने चेहऱ्यावरचं सगळं कोरीवकाम बुजतं. त्यानंतर वॉश, म्हणजे पाण्यासारखा गडद रंग, तो आपोआप खाचाखोचांत उतरून बसतो आणि सपाट दिसणारं चिलखत एकदम खोल दिसायला लागतं, हा क्षण मला अजून दरवेळी तितकाच आवडतो. मग ड्रायब्रश, ब्रश टिश्यूवर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा, आणि शेवटी कडांवर उजळ रंगाची केसाएवढी रेघ. रंग वाळू नये म्हणून वेट पॅलेट, तो घरीच होतो, पसरट डब्यात ओला स्पंज आणि वर बेकिंग पेपर, बाजारातून आणायची गरज नाही.

पूर्ण माणूस २८ मिलिमीटरच्या आसपास, चेहरा जेमतेम चार मिलिमीटर, त्यात डोळे. माझं माहेर पेणकडचं आहे, लहानपणापासून गणपतीचे कारखाने बघत आले, तिथे डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि ती कारखान्यातला मुरलेला हातच करणार. इथे उलटं, आमच्यातले बरेच जण डोळे आधी करतात, पांढरं, मग काळा ठिपका, आणि बाहेर गेलेलं नंतर त्वचेचा रंग कडेकडेने आणून निस्तरतात. पण मनगट टेकवून श्वास रोखून धरणं दोन्हीकडे सारखंच, आणि त्या दोन मिनिटांत डोक्यात दुसरं काही म्हणजे काही नसतं. ऑफिस नाही, व्हिसा नाही, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नाही. ज्या माणसाला रोज संध्याकाळी असा एक तास मिळतो त्याला कुणी 'वेळ वाया घालवतोस' म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

खेळाचे नियम इथे सगळे सांगत बसत नाही, पुस्तक जाड आहे. ६० बाय ४४ इंचाचं टेबल, त्यावर पडक्या इमारती, पाईप, टेकड्या, दोघांच्या समान पॉइंटच्या फौजा (पॉइंट म्हणजे प्रत्येक सैनिकाची ताकदीप्रमाणे ठरवलेली किंमत), दोन हजार पॉइंटचा डाव असला तर तीनेक तास सहज जातात. चौकटी नसतात, टेपने इंच मोजून चाल करायची. समोरचा दिसतो की नाही हे ठरवायला खाली वाकून आपल्या सैनिकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघायचं, मोठमोठे बापये टेबलाला गाल लावून एक डोळा मिटून बघत असतात. आणि फासे. समजा १० गोळ्या झाडल्या, ३ किंवा वर पडलं तर लागली, लागलेल्यांपैकी ४ किंवा वर पडलं तर जखम, आणि समोरच्याच्या चिलखताने ३ किंवा वर पाडलं तर ती वाचली. सरासरी काढा, दहातली साधारण एकच गोळी काम करते. आमच्या क्लबातली बारा-तेरा वर्षांची पोरं हे तोंडी करतात, प्रॉबॅबिलिटी शाळेत यायच्या आधी. मला स्वतःला मात्र ऑर्कांची एक गोष्ट फार आवडते, हे हिरवे दांडगे, त्यांची श्रद्धा अशी की लाल रंगाची गाडी जास्त जोरात पळते, आणि जुन्या नियमांत पॉइंट मोजून लाल रंग घेतला की त्या गाडीला खरंच एक इंच जास्त चाल मिळायची! रंगाचा आणि खेळाचा इतका सरळ संबंध मी दुसरीकडे बघितला नाही.

लढाईच्या वेडाबद्दल. टेबलावर सैनिक मांडून खेळायचे नियम सामान्य घरांपर्यंत नेणाऱ्यांत एच. जी. वेल्स होते, तेच, मंगळवासीयांनी पृथ्वीवर केलेल्या स्वारीची कादंबरी लिहिणारे. त्यांचं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक १९१३ चं, आणि त्याच्या शेवटी त्यांनी साफ लिहिलंय की हा खेळ तीन-चारदा खेळून बघा म्हणजे खरं युद्ध किती भोंगळ आणि मूर्खपणाची गोष्ट असते ते कळेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. वॉरहॅमरचं जग भयंकर आहे हे खरं, हुकूमशाही, आंधळी भक्ती, माणसाच्या जिवाला किंमत नाही, पण ते आदर्श म्हणून लिहिलेलं नाही. स्पेनमधल्या एका स्पर्धेत एकजण नाझी चिन्हं घालून आला, त्यावरून बराच गदारोळ झाला, तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने जाहीर सांगितलं की ही सगळी टीका आहे, उपहास आहे, आणि खऱ्या जगातल्या द्वेषाची चिन्हं अंगावर घेऊन आमच्या दुकानात किंवा कार्यक्रमात आलात तर बाहेर काढू. आमच्या क्लबातही हेच चालतं.

आणि क्लब हाच खरं तर माझा मुद्दा आहे. आमचा क्लब एका कम्युनिटी हॉलमध्ये भरतो, हॉलचं भाडं निघावं म्हणून प्रत्येकाने दोन-चार पौंड द्यायचे, टेबलं आपणच मांडायची, कपाटातून इमारती-टेकड्या आपणच काढायच्या, जाताना झाडून आपणच जायचं. येतात कोण? लॉरी चालवणारा, युनिव्हर्सिटीतली पोरं, एक शाळामास्तर, मायलेक जोडीने येतात, आणि एक आजोबा जे थोर्सबीच्या कोळसा खाणीत होते, नॉटिंगहॅमशायरमधली ती शेवटची खाण २०१५ ला बंद झाली. त्यांची बोटं जाड आहेत, पण चिलखताच्या कडेची रेघ त्यांच्यासारखी कुणाची येत नाही, आणि शिकवतातही शेजारी बसवून, आरडाओरडा नाही, 'बघ, असं' एवढंच. दुसऱ्याच्या सैनिकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. फासा तिरका अडकला तर न भांडता परत टाकायचा. चाल करायच्या आधी तोंडाने सांगायचं की मी या भिंतीमागे लपतोय, तुला इथून दिसत नाही ना, आणि समोरच्याने खरं सांगायचं. हरलात तरी हात मिळवून चहाला जायचं.

काकांनी हे लक्षात घ्यावं. इकडे डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. एकटा आलेला मुलगा, कॉलेज, खोली, पार्टटाइम नोकरी, परत खोली, असे कित्येक मी बघितलेत, आठ-आठ दिवस कुणाशी धड बोलणं नाही, घरी फोनवर मात्र 'मजेत आहे'. पंचविशीनंतर परक्या गावात मित्र करायचे कसे हे कुणी शिकवत नाही. नुसतं 'चल भेटू' म्हणून कुणी भेटत नाही, पण गुरुवारी सात वाजता टेबल नंबर तीनवर तुझी माझी मॅच आहे म्हटलं की दोघंही येतात, आणि तीन तास समोरासमोर बसलं की बोलणं होतंच. तो पुतण्या दर आठवड्याला त्या हॉलमध्ये जातोय ही काळजीची बातमी नाही, उलट माझा भाऊ असता तर मी पेढे वाटले असते.

पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. मोठ्या पेट्या महाग आहेत, विद्यार्थ्याला तर फारच, आणि दुकानात उभं राहिलं की हात आवरत नाही. पण खेळायला शंभर सैनिक लागतात असं कुठे आहे? २०२१ ला आलेल्या स्टारग्रेव्ह नावाच्या अशाच खेळात तुमच्या बाजूला जास्तीत जास्त दहाजण, ते कुठल्याही कंपनीचे चालतात. वन पेज रूल्स म्हणून आणखी एकजण असे खेळ काढतात, त्यांचे मूळ नियम फुकट डाउनलोड होतात. क्लबात जुने सैनिक कमी पैशात मिळतात, जुना रंग काढून टाकायचा आणि नव्याने द्यायचा. आणि एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय, घरातलं रंगवून झाल्याशिवाय नवीन पेटी नाही, तो सगळ्यांनी घ्यावा.

जाता जाता एक विनंती, संपादकांनाही आणि गावोगावच्या वाचनालयांनाही. आपल्याकडे पोरं दिवाळीत किल्ला करतात, माती कालवतात, अळीव पेरतात, तटावर मावळे कुठे उभे करायचे यावरून वाद घालतात, म्हणजे भूभाग उभारणं आणि फौज मांडणं हे दोन्ही त्यांना येतंच. दहावी आली की ते बंद, आणि मग कधीच परत नाही. वाचनालयात कॅरमला, बुद्धिबळाला संध्याकाळी खोली मिळते, तशी आठवड्यातून एक संध्याकाळ या खेळाला देऊन बघा. दोन टेबलं, एक प्लायवूडची फळी, पुठ्ठ्याच्या इमारती, दोन टेप, मूठभर फासे, बास. सुरुवातीला सैनिक पुठ्ठ्याचे कापून उभे केले तरी चालतात, रंगवायचं वेड आपोआप लागतं. तुमच्या रविवारच्या पुरवणीत जागा मिळाली तर दहा सैनिकांत खेळता येतील असे साधे नियम मी मराठीत लिहून पाठवते, टेबल कसं मांडायचं त्याच्या आकृत्यांसकट.

आपली,
एक वाचक, नॉटिंगहॅम, इंग्लंड